बोक्याची नखं आणि स्पीकरचं कापड

प्रश्न : मला गाणी ऐकायचा नाद आहे. एकेक वस्तू जमवत घरात हाय-फाय सिस्टीम उभी केली आहे : जमिनीवर उभे राहणारे दोन उंच स्पीकर, ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल. लग्नानंतर पत्नीबरोबर तिचा बोका, मन्या, घरी आला. आता डाव्या स्पीकरच्या पुढचं कापड खालपासून वरपर्यंत फाटलं आहे, अ‍ॅम्प्लिफायरवर तो तासन्‌तास झोपतो आणि परवा चालू रेकॉर्डवर पंजा मारून त्याने सुई मोडली. मी त्याच्यावर पाण्याचा फवारा मारतो, तर आता मी खोलीत आलो की तो पलंगाखाली जातो. पत्नी माझ्याशी धड बोलत नाही. मित्र म्हणतो, त्याची नखं ऑपरेशन करून कायमची काढून टाक. त्यात पुढच्या महिन्यात बहिणीचं कुत्र्याचं पिल्लू काही दिवस आमच्याकडे राहायला येणार आहे. सगळी सिस्टीम विकून टाकू का?

उत्तर : सिस्टीम विकायची काही गरज नाही. आणि नखांच्या ऑपरेशनचा विचार आजच डोक्यातून काढून टाका. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं, त्यामुळे ते परत येऊ नये म्हणून ते हाडच कापावं लागतं. आपल्या बोटांची शेवटची पेरं छाटावीत तसा हा प्रकार आहे. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत उपचाराची गरज नसताना हे करायला कायद्याने बंदी आहे. नंतर कित्येक मांजरांना पंजे टेकताना दुखत राहतं, शी-शूच्या ट्रेमधली माती उकरणं नकोसं होतं आणि ती घरात भलतीकडे घाण करू लागतात. नखं गेली की बचावाला दातच उरतात, म्हणून काही चावायलाही लागतात. कापड बदलता येतं, मन्याची बोटं बदलता येणार नाहीत. मित्राला एवढंच सांगा.

पाण्याचा फवाराही थांबवा. त्यातून मन्याला ‘स्पीकरला नख लावायचं नाही’ हे कळत नाही. त्याला इतकंच कळतं, की हा माणूस आला की अंगावर पाणी येतं. म्हणून तुम्ही असताना तो पलंगाखाली, आणि तुम्ही घराबाहेर पडलात की स्पीकरपाशी. फवाऱ्याने कापड वाचलं नाहीच, उलट तुमच्यात आणि त्याच्यात, आणि त्यामुळे तुमच्यात आणि पत्नीमध्ये, अढी मात्र बसली.

आता मुळाशी जाऊ. नखं घासल्याने मांजराच्या नखावरचं जुनं कवच गळून पडतं, झोपून उठल्यावर पाठ आणि पुढचे पाय ताणले जातात, आणि पंज्यातल्या ग्रंथींचा वास तिथे लागून ‘ही जागा माझी’ अशी खूण राहते. हे त्याच्या शरीराला लागतंच, कितीही शिस्त लावली तरी थांबत नाही. आणि यासाठी जे जे हवं ते सगळं तुमच्या स्पीकरमध्ये एकत्र आहे. तो उंच आहे, मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण अंग ताणता येईल एवढा. जड आहे, ओढला तरी हलत नाही. पुढे विणलेलं कापड आहे, त्यात नख रुतवून खाली ओढता येतं. शिवाय तो घरातली माणसं बसतात त्या खोलीत, अगदी दर्शनी जागी उभा आहे. परक्या घरात नव्याने आलेल्या बोक्याला आपला वास लावायला याहून चांगली जागा मिळणार नाही. तो तुमच्यावर सूड उगवत नाहीये. त्याला या घरात स्थिरावायचं आहे.

तेव्हा स्पीकरमध्ये त्याला जे सापडलं, तेच दुसरीकडे द्यायचं. नखं घासायचा खांब आणायचा. ‘आणला होता, उपयोग झाला नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात; त्यांचे खांब बघितले तर गुडघ्याएवढे आणि डगमगणारे असतात. मांजर एकदा पंजा टाकतं, खांब डुलतो, की ते पुन्हा स्पीकरकडे वळतं. खांब ८० ते ९० सेंटिमीटर तरी उंच हवा, बूड रुंद आणि वजनदार हवं. दुकानात असतानाच वरच्या टोकाला धरून जोरात खाली आणि बाजूला ओढून पाहा. हलला तर घेऊ नका. त्यावर सिसलचा, म्हणजे घायपाताचा, जाड दोर फट न ठेवता गुंडाळलेला असावा. हाताने जमत असेल तर जाड लाकडी खांब, खाली प्लायवूडची मोठी फळी आणि दोर, एवढ्यात तो घरीही होतो, आणि विकतच्यापेक्षा बहुतेक वेळा भक्कम होतो.

खांब कुठे ठेवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. लोक तो नजरेआड, कोपऱ्यात नेऊन ठेवतात. तो फाटलेल्या डाव्या स्पीकरच्या अगदी पुढ्यात हवा, इतका की मन्याला स्पीकरकडे जाताना आधी खांबच लागेल. गाणी ऐकायच्या वेळी बाजूला सरकवा, झालं की परत जागेवर आणा. स्पीकर वापरात नसताना त्याच्या पुढच्या बाजूला गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा किंवा पुठ्ठ्याचं आवरण घाला, म्हणजे नख रुतायला काही उरणार नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरायची तर ती या आवरणावर लावा, स्पीकरच्या लाकडावर किंवा कापडावर नको. तिचा गोंद निघता निघत नाही. मन्याने खांबाला नख लावलं की तिथल्या तिथे त्याला आवडीचा खाऊ द्या. त्याचे पंजे धरून खांबावर घासून दाखवू नका, त्याला तो खांब आयुष्यभर नकोसा होईल. तो जिथे झोपतो तिथे आणखी एक खांब ठेवा, कारण नखं घासायची तल्लफ उठल्या उठल्या येते. सवय पक्की झाली असं वाटलं की स्पीकरपुढचा खांब रोज टीचभर बाजूला सरकवत न्या. घाई केलीत तर तो पुन्हा स्पीकर गाठेल.

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापत जा. फक्त पारदर्शक टोक. आत गुलाबी दिसतं तिथे रक्तवाहिनी असते. हे काम पत्नीकडे असू द्या, सध्या त्याचा विश्वास तिच्यावर आहे. स्पीकरमागे डांबरगोळ्या ठेवा, लिंबाच्या सालीचं तेल शिंपडा, असले सल्लेही तुम्हाला मिळतील. डांबरगोळ्या मांजरांसाठी विषारी असतात आणि अशी सुगंधी तेलंही त्यांना बाधतात. यातलं काहीही करू नका.

फाटलेलं कापड बदलायची घाई नको. आधी खांबाची सवय लागू द्या, मग कापड. उलट केलंत तर नवंही जाईल. हे कापड ज्या जाळीच्या चौकटीवर ताणलेलं असतं, ती ओढून निघते. जुनं कापड सोडवून नवं ताणून बसवणं हे सोफ्याचं काम करणारा कोणीही करू शकेल, फक्त कापड योग्य हवं. ते तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा जवळजवळ तसाच लागला पाहिजे; अडला तर वरच्या पट्टीतले आवाज दबतील. वीण बारीक आणि सपाट घ्या. धाग्यांचे फासे वर आलेले असतील तर नख तिथेच अडकतं. तोवर जाळी काढून स्पीकर उघडा ठेवायचा मोह होईल, पण तसं करू नका. आज कापड फाटलं आहे. उद्या वूफरचा (खालच्या पट्टीतले आवाज काढणाऱ्या भागाचा) कागदी कोन फाटला किंवा ट्वीटरचा (वरच्या पट्टीतले आवाज काढणाऱ्या भागाचा) घुमट आत चेपला तर पूर्वीसारखा आवाज मिळणं कठीण. ट्वीटर चेपला असेल तर तो व्हॅक्यूम क्लीनरने ओढून बाहेर काढायचा उद्योग करू नका. दोन्ही स्पीकरवर एकच मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे दोन्हीकडून एकसारखाच आवाज देणारं, हळू आवाजात लावून आळीपाळीने कान देऊन पाहा. डावा-उजवा सारखा वाजत असेल तर नखं अजून आतपर्यंत पोचलेली नाहीत.

टर्नटेबलच्या बाबतीत मी मन्याला काही शिकवायला सांगणार नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी चकती आणि तिच्यावर हळूहळू आत सरकणारी दांडी समोर असताना शिकारी प्राण्याने पंजा आवरावा, ही अपेक्षाच चूक आहे. इथे बदल तुम्हालाच करायचा आहे. वाजवतानासुद्धा झाकण बंद ठेवायचं. झाकण बंद असलं की आवाजात थरथर मिसळते असं काही शौकीन सांगतात. टर्नटेबल भक्कम पायावर असेल तर तो फरक मला नगण्य वाटतो, आणि मोडलेल्या सुईपुढे तर त्याचा विचारही नको. सुई रेकॉर्डवर साधारण दीड ते दोन ग्रॅम भाराने टेकलेली असते, आणि पुरता वाढलेला बोका चार-पाच किलोचा असतो.

पण झाकणावरच उडी मारली तर? उंचीवर ठेवून भागत नाही, दीड मीटरची उडी मांजराला सहज जमते. त्याची उडी थांबते ती उतरायला मोकळी जागा दिसली नाही तर. म्हणून टर्नटेबल भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर घ्या, आणि फळी टर्नटेबलच्या मापाचीच ठेवा, चारी बाजूंना पंजा टेकण्याएवढीही कड नको. शेजारी खुर्ची, टेबल, कपाट असं पायरीचं काम करणारं काही नको. अशी फळी चालताना जमिनीला बसणाऱ्या हादऱ्यांपासूनही सुईला वाचवते. आणि त्याच खोलीत, टर्नटेबलपेक्षा उंच, खिडकीजवळ मन्यासाठी बसायला रुंद फळी लावून द्या. उंचावरून खोली न्याहाळायची त्याची गरज खरी आहे, ती तिथे भागेल.

मोडलेल्या सुईचं म्हणाल तर कार्ट्रिज, म्हणजे दांडीच्या टोकाचा सुई धरणारा भाग, मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) प्रकारचं असेल तर नुसती सुई ओढून नवी बसवता येते. मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेचं वेटोळं हलणारं) असेल तर बहुतेक वेळा अख्खं कार्ट्रिज दुरुस्तीला पाठवावं लागतं. मन्याचे केस ही यापुढची रोजची गोष्ट. रेकॉर्डवर घर्षणाने वीज साठते आणि केस तिला चिकटतात. ते सुईपुढे गोळा होत गेले की सुई खाचेतून उचलली जाते आणि आवाज फाटतो. प्रत्येक बाजू लावण्याआधी कार्बनच्या तंतूंचा ब्रश फिरवा. सुई झाडताना ब्रश मागून पुढे, रेकॉर्ड ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने; उलटा किंवा आडवा कधीच नाही. मन्याला विंचरायचं काम दुसऱ्या खोलीत ठेवा.

अ‍ॅम्प्लिफायरवर तो झोपतो तो उबेसाठी. ३० ते ३८ अंश सेल्सियस तापमानात मांजराला अंग उबदार राखायला जास्तीची शक्ती खर्चावी लागत नाही, आणि चालू अ‍ॅम्प्लिफायरचा माथा नेमका असा असतो. पण ती उष्णता बाहेर पडण्यासाठीच तिथे भोकं ठेवलेली असतात. वर अंग पसरलं की आतलं तापमान चढतं, आणि दर १० अंशांना आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आत पडणाऱ्या केसांचा आणि धुळीचा थर उष्णता आणखी कोंडतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद कपाटात मात्र ठेवू नका, तिथेही तो तापणारच. उघड्या मांडणीत ठेवा. वरची फळी अशी असू द्या की हवा खेळेल पण मन्याला आत शिरून अंग मुडपता येणार नाही. आणि मांडणीशेजारीच, त्याच उंचीवर, जाड पांघरूण घातलेलं खोकं त्याला द्या. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा कधी विचार केलात तर त्यावरची जाळी काढायची नाही एवढं लक्षात ठेवा. काचा भाजतील इतक्या तापतात आणि आत शेकडो व्होल्ट असतात.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही : मन्याची नसबंदी झाली आहे का? झाली नसेल तर लवकर करून घ्या. नसबंदी न झालेला बोका हद्द आखण्यासाठी उभ्या वस्तूंवर मूत्राची पिचकारी मारतो, आणि तुमच्या खोलीत सर्वांत उभ्या वस्तू म्हणजे ते दोन स्पीकर. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते. कधी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मूत्र गेलंच तर ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. प्लग काढा आणि न उघडता दुरुस्तीला न्या. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

आता मन्याच्या कानांबद्दल. आपल्याला फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, मांजराला सुमारे ८५ किलोहर्ट्‌झपर्यंत. तुम्हाला भरदार वाटणारा आवाज त्याला सोसवेलच असं नाही. कान आडवे पडले, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपूट अंगाशी ओढली गेली, की आवाज कमी करायचा. खोलीचं दार उघडं ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला उठून जाता येईल. त्याला आत कोंडून गाणी लावू नका, आणि कायमचं बाहेरही ठेवू नका. बंद दारामुळे त्याची त्या खोलीची ओढ वाढेल आणि मग दाराचं लाकड जाईल.

पलंगाखालून त्याला ओढून काढायचं नाही. रोज संध्याकाळी हळू आवाजात काहीतरी लावा, जमिनीवर बसा, त्याच्याकडे रोखून बघू नका. तो दिसला की डोळे अर्धे मिटून हळूच उघडा. २०२० साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की माणसाने अशी सावकाश पापणी मिटली की मांजरंही तसंच करतात आणि अनोळखी माणसाकडेसुद्धा जास्त विश्वासाने येतात. खाऊ थोड्या अंतरावर ठेवा आणि हात पुढे करू नका. तो जवळ येऊन हुंगेल, निघून जाईल, पुन्हा येईल. यापुढे निदान एक वेळचं जेवण त्याला तुमच्या हातून मिळू द्या. आणि पत्नीपाशी फवाऱ्याचा विषय तुम्हीच काढा. चुकलं म्हणा, आणि खांब, फळी, खोकं यांच्या जागा दोघांनी मिळून ठरवा. मन्याला ती तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखते, तो कुठे उडी मारेल हे तिला आधीच माहीत असेल. तुम्ही त्याच्यासाठी घरात जागा करताय हे तिने डोळ्यांनी पाहणं, मला वाटतं, या घडीला सगळ्यात गरजेचं आहे.

उरलं पिल्लू. मन्याशी त्याची ओळख सावकाश करून द्या, सुरुवातीला वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून. तुमच्या सिस्टीमच्या दृष्टीने त्याचा धोका नखांचा नाही, दातांचा आहे. दात येत असताना, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, पिल्लं दिसेल ते चावतात. ते येण्याआधीच जमिनीवरच्या सगळ्या वायरी केसिंग पट्टीत किंवा जाड लवचीक पाइपमध्ये घाला आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचला. स्पीकरच्या वायरीतून त्याला झटका बसण्याची भीती कमी, पण चावलेल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. स्पीकरच्या बुडाखाली रुंद पाय लावून घ्या, पिल्लू धावत येऊन आदळलं तर उंच स्पीकर कलंडतो आणि सापडलं तर त्याच्याच अंगावर पडतो. चावायला भक्कम रबरी खेळणी भरपूर द्या. कोणी खोलीत नसेल तेव्हा सिस्टीमचा भिंतीवरचा स्विच बंद ठेवा.

एवढं करूनही त्याने मेनची वायर चावली तर आधी स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा. नंतर ते लगेच खेळायला लागलं तरी त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तोंडातला भाजलेला भाग वरवर पाहून दिसत नाही, आणि विजेच्या झटक्यानंतर फुप्फुसांत पाणी साचतं ते काही तासांनी. धाप लागणं, खोकला, हिरड्या निळसर पडणं यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.